रो हाउसमध्ये गणपती

सुभाष : सकाळपासून भांडी आपटतेयस. काल माझ्या भावाची वास्तुशांत झाली की आपल्याकडे चोरी?

वासंती : पावणेदोन कोटी, अहो. दोन भिंतींमधल्या फटीला. शांती नगरच्या पलीकडे सगळी घरं तसलीच, एकमेकांना चिकटून उभी. आणि तुमची माणसं 'बंगला, बंगला' करत होती.

सुभाष : रो हाउस म्हणतात. तीन मजली आहे.

वासंती : एकावर एक तीन खोल्या, असं म्हणा. खाली गाडी, वर हॉल, त्याच्यावर बेडरूम. पंगत जिन्यात बसली. तुमच्या आत्याच्या जिलेबीचा पाक खालच्या पायरीवरच्या जावयाच्या टकलावर गळत होता.

सुभाष : जळतेयस तू.

वासंती : जळतेय. मग? नवघरच्या या वन बीएचकेत तुमच्या आईबाबांचं मी केलं. धाकटा दीर म्हणून स्वप्नीलचे डबे केले, नोकरीला लागेपर्यंत. तो गेला बंगल्यात. आपण इथेच.

सुभाष : गणपती तर आपल्याकडेच येतो ना?

वासंती : तेवढाच काय तो माझा मान. पाच दिवस सगळं घराणं माझ्या दारात येतं.

सुभाष : मग ऐक. स्वप्नीलची बायको येतेय, नीलम. यंदा गणपती त्यांच्याकडे बसवायचा म्हणतात. मूर्तीच्या कारखान्यात द्यायला पाट न्यायचाय तिला.

वासंती : बाबांचा पाट?

सुभाष : आपली मूर्ती त्याच पाटावर घडते ना दरवर्षी. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, वहिनीला विचार.

वासंती : म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा. नेहमीसारखा.

(बेल वाजते. नीलम पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत येते.)

नीलम : ताई, रागावू नका हं. नव्या घरातलं पहिलं वर्ष आहे. स्वप्नीलची फार इच्छा आहे. आणि तुम्ही पण आता थकता.

वासंती : मी कुठे थकले? पण ने. अहो, माळ्यावरून पाट काढा.

सुभाष : देतेस?

वासंती : गणपती काय माझ्या एकटीचा आहे? न्या वाजतगाजत. सोसायटीतल्या सगळ्यांना बोलवा बघायला.

सुभाष : एवढी गोड बोलायला लागलीस की मला भीती वाटते. घे नीलम, धर. जड आहे.

नीलम : बापरे, केवढा रुंद. स्वप्नील म्हणत होता तेच. मूर्तीसकट जिन्याच्या वळणावर अडकणार हा.

वासंती : त्याला माहितेय?

नीलम : काल रात्री टेप घेऊन बसला होता. पण टेन्शन नाही, कारपेंटर येतोय. दोन्ही साइडने थोडा कापायचा. पॉलिश मारलं की कळणार पण नाही.

वासंती : ठेव तो खाली.

नीलम : ताई?

वासंती : बाबांनी गावातल्या फणसाचा करून घेतलाय तो. रत्नागिरीहून एसटीत मांडीवर घेऊन आले. त्याला करवत लावायची नाही. तुमच्या जिन्याच्या मापाचा नवा करा.

नीलम : नवा केला तर तो आमचा वेगळा गणपती होईल. स्वप्नीलला बाबांचाच पाट हवाय. ताई, सगळे गेल्यावर तो वळणावर बसून राहिला. म्हणाला, आयुष्यभराचं कर्ज काढलं आणि बाबांचा पाट वर जात नाही. कापायचं मीच सुचवलं. त्याचं तोंड बघवेना मला.

वासंती : गणपती इथेच येईल. तुम्ही दोघं पाच दिवस राहायला या.

नीलम : सतरंजीवर?

वासंती : दरवर्षी कुठे झोपता?

नीलम : बरं. सांगते त्याला. पेढे ठेवते इथे.

सुभाष : गेली बिचारी. तुला ठाऊक होतं ना, पाट अडकणार?

वासंती : काल हात धुवायला जाताना जिना किती अरुंद ते वितीने बघितलं होतं. आज पाट मागितला तेव्हा म्हटलं, उभे राहू देत वळणावर मूर्ती धरून, सगळ्यांसमोर.

सुभाष : देवाला अडकवणार होतीस?

वासंती : तिला अडकवणार होते. हे कापाकापीचं कुठे माहीत होतं?

सुभाष : चल, गणपती राहिला तुझ्याकडे. आता तरी पेढा खा.

वासंती : ऐकताय? वरच्यांनी परत कॉट सरकवली.

सुभाष : ते रोजचंच आहे.

वासंती : स्वप्नीलच्या डोक्यावर कुणी राहत नाही हो.