दोन थेंब तेल

...आणि वर मलाच विचारतात, "अनिबालकाका, दोन थेंब तेल घालायला काय होतं हो?" काय होतं म्हणजे? अहो, चेन तुटली माझी, भर चढावर तोंडावर आपटलो मी, आणि चौकशी कुणाची? तेलाची! तुम्हाला सांगतो, आमच्या मोंगी गावात माणूस दरीत पडला ना, तरी वरून कुणीतरी ओरडेल, "बुटाच्या नाड्या बांधल्या होत्यास का रे?"

सायकल माझी नव्हेच मुळी. लेकाची. ती जाड टायरांची, डोंगरात हाणायची असते ना, तसली. तो गेला स्पेनला, जाताना म्हणाला, "बाबा, विकू नका, चालवत जा, तेवढेच पाय मोकळे होतील." आर्सेलिया, म्हणजे आमची ही, असती तर ओरडली असती, "या वयात हाडं मोडून घ्यायचीत का?" पण तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता अडवायला कोण आहे घरात? मग चालवतो.

तर मंगळवारी चढावर उभा राहून पेडल मारतोय, आणि दुर्बुद्धी सुचली, त्यातच गिअर बदलला. कट्ट! चेन तुटली. बरं, तुटली तर गुमान खाली पडावं की नाही? नाही! मागे तो डिरेलर लोंबत असतो, चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा, त्याला घेऊन बया थेट चाकाच्या तारांत घुसली. सायकल खांद्यावर मारून घरी आलो, तर दारात शेजारीण हजर. "तेल घातलं होतं का?"

म्हटलं, आपण चाळीस वर्षं फुटबॉल शिवतोय. चामड्याचे बत्तीस तुकडे असे जोडतो की टाका दिसायचा नाही, आपल्याला एक चेन जोडता येणार नाही? घेतला खिळा, घेतली हातोडी. पहिल्याच घावाला पिन अख्खी बाहेर, ती गेली पलंगाखाली, ती अजून तिथंच आहे. मग नवी चेन आणून ओवली, डिरेलर हातानंच वाकवून सरळ केला, आणि पेडल मारलं तर खड्ड! खड्ड! चेन दात्यांवरून उड्या मारतेय आणि पाय हवेत! दोन दिवस घरात तेवढाच आवाज. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. घरात कुणीतरी कुरकुरतंय असं वाटलं.

शेवटी गेलो एवेलिओकडे. हा आमचा सायकलवाला. माणूस लाखात एक, पण तोंड फाटकं. "काका, दुरुस्तीला आणलीत की भंगारात घालायला?" मागची चक्रं डोळ्यांपुढे धरली. "दाते बघा, पार करवत झालीय. जुनी चेन आणि हे, दोघं बरोबर झिजले. एक गेली की उरलेल्याचं नवीशी जमत नाही, काका. सगळंच बदलायला लागेल. आणि दोन थेंब तेल घालायचं की हो!"

जमत नाही म्हणे. हे तू मला सांगतोस?

सामान खाली सोगामोसो शहरातून यायचं, तीन दिवस लागणार. "घरी जा, फोन करतो," म्हणाला. म्हटलं, "छे छे, कशाला उगाच तुझा फोनचा खर्च, बसतो इथंच." बसलो बाकावर, सुई-दोरा आणि चामडं घेऊन. आत त्याची बायको, योलिमा, "काका, गुळाचं गरम पाणी घेणार? चीज टाकून?" थंडीत आमच्याकडे असंच पितात. "नको गं, कशाला त्रास..." आणि घेतलं! रोज घेतलं, दोनदोनदा घेतलं! कुणी पंक्चर घेऊन यायचा, कुणी नुसताच यायचा, बटाट्याच्या भावावरून भांडायचा, माझ्या हेल्मेटला पातेलं म्हणायचा. मीही ऐकून घेतो होय? तुम्हाला सांगतो, घरी आठवड्यात होत नाहीत एवढे बॉल मी त्या तीन दिवसांत शिवले. आणि एकही टाका उसवावा लागला नाही.

आणि चौथ्या दिवशी हा बाबा म्हणतो, "झाली!" चेन नवी, दाते नवे, डिरेलर नवा. गल्लीत एक चक्कर मारली... आवाजच नाही! एवेलिओ छाती फुगवून, "काका, आता पाच वर्षं माझं तोंड बघायला नको!" वर तेलाची बाटली हातात कोंबली. "ही माझ्याकडून. आठवड्याला दोन थेंब." आतून त्या दिवशी गुळाचं पाणी आलं नाही. सायकल झाली म्हटल्यावर ती तरी कशाला आणेल?

पाच वर्षं! अहो, इतकं चांगलं काम करतं का कुणी? घरी आलो, सायकल उलटी केली, पेडल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. जेवलो आणि झोपलो.

आता पाऊस लागलाय. सायकल अंगणातच असते. शेजारीण भिंतीवरून ओरडते, "अहो काका, आत घ्या ती! दोन थेंब तेल तरी घाला!" घालतो, घालतो म्हणतो. बाटली फळीवर आहे, सील फोडलेलं नाही. पाच वर्षं म्हणाला ना तो? मी म्हणतो नाताळच्या आत गंजते. बाक पुसून ठेव म्हणावं त्याला.