शेजारच्या खोलीतलं अस्वल

लोणावळ्याजवळच्याच वडिवळ्याच्या माणसाला लोणावळ्यात हॉटेल कशाला लागतं, असं मी मुलाला सरळ विचारलं होतं. त्यानं ऐकलं नाही. आईच्या मालिका चुकू नयेत म्हणून नेटवरून टीव्ही दाखवणारी घरची स्टिक आणली, हॉटेलच्या टीव्हीमागं लावली आणि आम्हा दोघांना चार दिवस आरामाला तिथं ठेवून पुण्याला गेला.

संध्याकाळी मालिका ऐन रंगात आली आणि टीव्हीवर एक निळं अस्वल नाचायला लागलं.

"काय दाबलं तुमी?" बायकोनं विचारलं.

"हात लावला न्हाई मी."

"मग अस्वल काय चालत आलं?"

मी स्टिक उपटायला उठलो, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या खोलीतला तरुण होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात वरणभाताची वाटी.

"आजोबा, माफ करा. कार्टून मोबाईलवरून आमच्या टीव्हीवर लावत होतो, हॉटेलचं वायफाय एकच, म्हणून चुकून तुमच्याकडे लागलं. मुलगी तापातून उठलीय. कालपासून काही खाल्लं नाही, आणि कार्टूनशिवाय घास घेत नाही."

मी त्याला सुनावणारच होतो. बायको मागून म्हणाली, "बंद नको करू बाबा. पोरीला हितंच आण."

पोरगी आमच्या पलंगावर बसली आणि अस्वलाकडं बघत जेवली. बाप रिकाम्या वाटीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मालिका पुन्हा मध्येच थांबली आणि अस्वल आलं. मी रिमोट उचलला.

"ठेवा तो खाली," बायको म्हणाली. "आन् दार उघडा. पोरगी जेवायला आलीया."