हात थांबला नाही पाहिजे

—साडी ना? देते की, साडी कुठं पळून जातेय, तू आधी बस बघू. उभ्या उभ्या नको, कुसुम. रविवारी तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न, घरात शंभर कामं, कळतं मला. आईची पैठणी नेसून पोरगी बोहल्यावर उभी राहणार, आई नाही तर निदान आईची साडी — तूच म्हणालीस ना, चांदवडला भाच्याच्या लग्नात नेसायला मला दिलीस तेव्हा? "काकू, जपा हं," म्हणालीस. जपली. म्हणजे — थांब, आधी तुझ्या नवऱ्याचं, दिवाकररावांचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

परवा ते आमच्या ह्यांना विचारत होते म्हणे, दारांचा जुना ऑइलपेंट काढायचाय, हीट गन कुठली घेऊ. अगं, ह्यांना कशाला, मला विचारायचं! हे सातपूरला कारखान्यात रोज वापरतात आणि रोज जेवताना तेच सांगतात, मला पाठ झालंय. पंच्याऐंशीच्या दिवाळीला मुंबईहून, लोहार चाळीतून स्वतःची आणली. दिसायला केस वाळवायच्या यंत्राची बहीण, पण पोटात भट्टी. घ्यायची तर कमी-जास्त दोन्ही आच असलेली घ्यावी, नुसती गार हवा सोडणारं बटण असलं तर फारच छान — बंद करायच्या आधी थोडा वेळ गार हवेवर चालवायची, तिचा जीव निवतो. हातात धरून बघायची. जड असली तर पाच मिनिटांत मनगट भरून येतं, मनगट भरलं की हात थांबतो, आणि हात थांबला की — सांगते. पिना तीनच हव्यात, दोनवाली स्वस्तात मिळते, ती नको. आणि दिव्याच्या बोर्डाला लावायची नाही, पॉवरचा मोठा प्लग असतो ना, त्यालाच.

हो हो, साडी देते गं! चहा टाकू का? बरं, राहिलं. जुन्या रंगाचा धूर वाईट असतो, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या आणि बाळाला घरात ठेवायचं नाही, माझ्याकडे आणून सोड. रंग जळू द्यायचा नाही, फुगला की लगेच पट्टीनं खरवडायचा. काचेवर झोत गेला की काच तडकते. काम झालं की तोंड वर करून उभी ठेवायची, कापडावर तर टेकवायचीच नाही, आणि अर्धा तास तिला शिवायचं नाही. पण सगळ्यांत मोठं म्हणजे हात. वीतभर लांब धरायची आणि हात सारखा हलता ठेवायचा. एका जागी थांबला ना, की आधी पिवळं पडतं, मग तांबूस, आणि केस जळाल्यासारखा वास येतो — काय? लाकडाला नाही येत तसा वास? हो. लाकडाला कसा येईल.

रेशमाला येतो.

अशी बघू नकोस माझ्याकडे. पंगतीत वाढप्यानं मठ्ठा सांडला मांडीवर, निऱ्यांवर एवढुसा डाग. घरी येऊन मी नुसतं पाण्याचं बोट फिरवलं, तर डाग पसरला, मग अजून पाणी, मग सगळ्या निऱ्या ओल्या. आता वाळवू कुठं? तारेवर टाकली तर तुझ्या गॅलरीतून दिसणार. आणि या कॉलनीत कुणाच्या तारेवर काय वाळतंय ते बघणारी मी एकटीच नाही — बरं, जास्त करून मीच. दुसऱ्यांचं मी चारचौघींत बोलते, मग मला कोण सोडणार? मंगळवारी दुपारी हे कामावर गेलेले. ह्यांची हीट गन काढली, आधी कमीवरच लावली, शपथ! पण वाळेना, आणि तू संध्याकाळी न्यायला येणार होतीस, म्हणून जास्तवर केली. हात हलता होता, अगदी ह्यांच्यासारखा. तेवढ्यात तुमच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षा थांबली तर कोण उतरलं ते माणूस बघणार नाही का? नुसतं डोकावले. तुझी धाकटी होती, हातात हिरव्या चुड्याचं खोकं, रिक्षावाल्याशी कशावरून तरी हसत होती — मी म्हटलं, किती गोड दिसतेय पोरगी — आणि वास आला.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून दार लोटलं. नव्हतं दुखत. काल बहिणीकडे जाते म्हणाले, तेही खोटं, येवल्याला गेले होते एसटीनं. विणकरानं भोकाच्या कडेला बोट लावलं, तर तेवढ्याचाही भुगा झाला. गुपचूप घडी घातली. "कुणाची?" म्हणाला. मी म्हटलं, माझीच. "मग ठीक," म्हणाला.

पदर चांगला आहे, कुसुम. मोर जसेच्या तसे आहेत. मी आरशापुढं नेसून बघितली, चार निऱ्या आत दुमडल्या तर दिसत — नाही, दिसतं. आता आणखी खोटं कशाला?

भांड माझ्याशी. एरवी नळावर किती भांडतेस.

ही घे पिशवी. इथं उघडू नकोस. आणि नवी हीट गन घेऊ नका, आमचीच न्या, मला नको ती घरात. दिवाकररावांना म्हणावं, हात थांबू देऊ नका, कुणी का येईना दारात. जा आता. तू खाली उतरलीस की मी ही खिडकी लावून घेते.