सोडू नको

त्या वेबहुकचं नाव काढू नका माझ्यापुढं! यवतच्या एका डेअरीचं दूध मोजायचं ॲप मी आन् राहू गावचा सलीम मिळून बनवतो. कोड पुश केला, म्हंजे वर चढवला, की वेबहुक सर्व्हरला कळवतो, बिल्ड आपोआप लागतं, म्हंजे ॲप नव्यानं बांधलं जातं, आन् नवं ॲप चालू होतं. तेवढा वेळ डेअरीत सगळं ठप्प.

सलीमकडं लाईटचा भरवसा न्हाई. लाईट गेली तर लिहिलेलं जाईल म्हणून गडी दोन ओळी झाल्या की पुश करतो. परवा सकाळी डेअरीचे आप्पा फोनवर ओरडले, "आरं, परत बंद पडलं! लोकं कॅन घिऊन उभी हायेत. दूध नासल्यावर मोजायचं का?"

मी सलीमला झापलं. "पुश करताना जो मेसेज लिहितोस ना, त्यात सर्व्हरला कुठंबी 'सोड' ही दोन अक्षरं दिसली तरच आता बिल्ड लागंल. काम अर्धं असलं तर ती लिहायची न्हाईत. कळलं?"

"कळलं की. रानातल्या पाण्यासारखंच. सोड म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आप्पांचा फोन. ॲप बंद! मी तसाच सलीमला फोन लावला.

"तू 'सोड' लिहिलंस का रे?"

"छ्या! उलट सर्व्हरला नीट समजावं म्हणून दर येळेला स्पष्ट लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"काम अर्धं हाय, सोडू नको."