सहाशे बारा दिवस

बायको: तरी तुझ्या मोबाइलवर सिगारेट सोडल्याचे सहाशे बारा दिवस? दाखव ना. आता का लपवतोस?

नवरा: लपवत नाहीये. तुझा दादा नेमकं काय म्हणाला?

बायको: गंमत म्हणून सांगत होता बिचारा. त्याला वाटलं, बहिणीला ठाऊक असेल. पिल्लू काचेच्या पेटीत, मी वर टाके घेऊन पडलेली, आणि हा दवाखान्याच्या मागे जनरेटरपाशी सिगारेट ओढतोय!

नवरा: एक. एकच ओढली. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघाला तर बघू. मी कुठे जाणार होतो?

बायको: माझ्याकडे.

नवरा: आणि काय सांगणार होतो तुला?

बायको: मग दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा एकपासून का नाही धरलास?

नवरा: एकशे वीस झाले होते गं. छापखान्यातले सगळे मागच्या दारात धूर काढत उभे असतात, मी आत मशीनपाशी पेन्सिल चावत. तो आकडा बघूनच राहायचो आत.

बायको: मीही तोच बघत होते! रोज तुझा शर्ट हुंगते, शाईखाली आणखी कसला वास येतोय का ते. मग आकडा बघते. मग तिला तुझ्या कडेवर देते. सोळा महिने, वेड्यासारखी.

नवरा: त्यानंतर एकही नाही. पिल्लूची शप्पथ.

बायको: तिची शप्पथ घेऊ नकोस. आधीच छाती घरघरतेय तिची.

नवरा: बरं. काय करू म्हणतेस?

बायको: शून्य कर.

नवरा: अगं, चारशे ब्याण्णव तरी खरे आहेत.

बायको: ते तू म्हणतोस. कर शून्य, माझ्यासमोर.

नवरा: "नक्की का?" विचारतंय.

बायको: आण इकडे.

(ती मोबाइल हिसकावून घेते आणि बटण दाबते.)

नवरा: झालं समाधान?

बायको: निदान खोटं तरी नाही आता.

नवरा: नाही. कोपऱ्यावरची टपरी उघडी असेल ना?

बायको: का?

नवरा: सहाशे बारा होते तोवर तिकडे पाय वळत नव्हते.

बायको: म्हणजे हेही माझ्यावरच आलं.

नवरा: तसं कुठे म्हणालो मी?

बायको: चपला घातल्यास की. जा. आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तिला उचलू नकोस.