बाबांनी हाक मारली नाही

नाही नाही, बंद नका करू मॅडम, चालू राहू दे — मला टीव्हीचा काही त्रास नाही, आवाज कमी केलात तेवढं पुरे. तुम्ही सगळं फोनवरूनच करता वाटतं? हो, बघितलं मी, बोट नुसतं खाली ओढलंत आणि तिकडे आवाज उतरला — माहीत आहे मला, आमच्याकडेही आहे. हे टेपचं टोक जरा धरता का, तिथे, चौकटीच्या बाहेर चार बोटं, दांडी तिथवर गेली म्हणजे कडेने उजेडाची फट राहत नाही. सरळ धरा. एकशे बासष्ट. कापड रुंदीच्या अडीचपट घ्यायचं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो — तर काय म्हणत होते, आमच्याकडेही आहे. म्हणजे माझ्याकडे नाही, बाबांकडे. माझाही फोन तसाच आहे, पण मी नाही वापरत त्यासाठी. मला कुणी शिकवलं नाही आणि आता मला शिकायचंही नाही.

बाबा छापखान्यात होते — शिशाचे खिळे जुळवायचे, एकेक अक्षर चिमटीत धरून, तेही उलटं. आयुष्य गेलं त्यात. बोटं अशी की अंधारातही अक्षर ओळखतील. आई गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून घरात ते आणि मी. माझं लग्न — ते दोन वर्षांत आटोपलं, जाऊ दे. तर बाहेरच्या खोलीत बाबा आणि टीव्ही, आतल्या खोलीत मी आणि माझं मशीन. मशीन कितीही धडधडत असलं तरी बाबांची हाक मला ऐकू येते. "अगं, जरा बघ." काय बघायचं? तर कधी रिमोटवरचा आकडा दिसत नाही, कधी भलतंच काहीतरी लागलं, कधी आवाजच गेला. दिवसातून दहा वेळा. मी कुरकुरायचे हो, खोटं कशाला सांगू — शिवण अर्ध्यात सोडून उठायचं, बटण दाबायचं, परत येऊन बसायचं. एकदा तर बोलले मी, बाबा, मला काय या टीव्हीला बांधून ठेवलंय का. पण उठायचे. लहानपणीसुद्धा मीच उठायचे, तेव्हा टीव्हीचा खटका हाताने फिरवावा लागायचा, धाकटा भाऊ आपला मांडी घालून बसलेला. आणि बाबा आल्यागेल्याला सांगायचे, हिच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही.

आता उंची घेऊ. तुम्ही खाली धरा, मी स्टुलावर चढते — नाही, पडत नाही मी, रोजचं आहे.

तर माझी भावजय. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर म्हाताऱ्या माणसांसमोर बसून काचा बदलत विचारायचं, हे बरं दिसतं की हे, आता बरं की मघाशी बरं. कधी वैतागत नाही. मला तर तेच आवडत नाही तिचं — माणसानं कधीतरी वैतागावं. ते दोघं दर रविवारी येतात. एका रविवारी तिनं काय केलं, बाबांना नवा फोन आणला, त्यातली अक्षरं एवढी मोठी करून दिली, टीव्हीला जोडला आणि बसली त्यांच्या शेजारी. तीन रविवार. भाऊ झोपा काढायचा, मी भाकऱ्या — मी स्वयंपाक करत होते, आणि बाहेरून तिचा आवाज, बाबा, हे दाबल्यावर काय झालं, बरं, आता परत मागे कसं याल. आणि बाबा हसत होते. चौथ्या रविवारी त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि चारचौघांत बोलतात तसं खणखणीत म्हणाले, "कृपया जहाज दाखवा." आणि लागलं की हो. बाबांनी जन्मात जहाज बघितलेलं नाही, पण त्यांना भारी वेड — कसं बांधतात, पाण्यात कसं सोडतात. तेव्हापासून जहाजंच जहाजं. मी कौतुक केलं, नाही असं नाही. तोंडभरून केलं. बाबा म्हणाले, सून नाही, लेक आहे ही माझी. माझ्यासमोर म्हणाले, मॅडम. मी पोळी लाटत — हातात लाटणं होतं माझ्या.

दोनशे अकरा. खालून एक बोट वर ठेवू, नाहीतर फरशीवर घासून कड काळी पडते.

मग हाका बंद झाल्या. एकदम नाही, पण पंधरा दिवसांत बंद. मी मशीनवर बसलेली असायचे आणि बाहेर आपला आवाज कमी होतोय, जास्त होतोय, एक संपलं की दुसरं लागतंय, आणि मला कुणी विचारत नाही. तुम्ही म्हणाल, बरंच झालं, निवांत शिवता आलं. मलाही वाटलं होतं तसं. पण काय होतं ठाऊक आहे का, अकरा वर्षं ज्याची कटकट वाटते ना, ती थांबली की हात चालत नाही. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला मी उलट्या बाजूनं शिलाई घातली. मी, उलट्या बाजूनं. आणि दुपारी काही अडलंच तर बाबा तिला फोन लावायचे. मी सहा पावलांवर बसलेली, आणि ती दुकानातून त्यांना सांगणार. पोटात दुखायचं माझ्या, दुसरा शब्द नाही. चांगली बाई आहे ती, म्हणून जास्तच दुखायचं.

नाही, टोक सोडू नका, अजून ती लहान खिडकी आहे. चला तिकडे.

मग एका बुधवारी बाबा आंघोळीला गेले. मी टीव्ही लावला, जुन्याच रिमोटनं, तो मी मशीनच्या खणात ठेवला होता, दोऱ्याच्या रिळांमध्ये. आत कुठे कुठे गेले, तिथं जोडलेल्या फोनचं नाव दिसलं आणि खाली लिहिलेलं, हा फोन विसरायचा का. मी हो केलं. एवढंच. दोन मिनिटांचं काम. मला काय हवं होतं सांगू? त्यांनी मला हाक मारावी, मी उठून जावं, बघू बाबा म्हणावं. बस्. मी मशीन बंद ठेवून वाट बघत बसले. हाक आली नाही. दाराच्या फटीतून बघितलं तर बाबा बटण दाबतायत, फोन बनियनला पुसतायत, पुन्हा दाबतायत. उलटा धरून बघितला. कृपया जहाज दाखवा, असं म्हणाले, आधी मोठ्यानं, मग हळूच. मग फोन मांडीवर ठेवला आणि काळ्या टीव्हीकडे बघत बसले. तिलाही फोन लावला नाही त्यांनी. मी म्हटलं, उद्या मारतील हाक. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज डोळे चुरचुरतायत, नाही बघायचं काही. शुक्रवारी मी जेवायला वाढत होते तर ताटाकडे बघत म्हणाले, "तुझ्या थोरल्या काकाला सुरुवात कशानं झाली होती गं?"

थोरले काका म्हणजे बाबांचे भाऊ. शेवटी शेवटी काकूलाही ओळखत नव्हते. पायात एकच चप्पल घालून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, बाबाच जाऊन घेऊन यायचे त्यांना. काय सांगणार होते मी? आठवत नाही, म्हटलं. आठवतंय मला. बटणांपासूनच झाली होती, शर्टाची बटणं लावता येईनात. तेव्हाच सांगायला हवं होतं, कळतं मला. जिभेवर आलं होतं. पण मग काय सांगायचं — का केलं म्हणून विचारलं असतं तर?

रविवारी ती आली. बाबांनी फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, मला आता जमत नाही हे. तिनं टीव्ही बघितला, फोन बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांना म्हणाली, बाबा, टीव्हीचंच बिघडलं होतं, तुमचं काही चुकलं नाही. मग आत आली, पाण्याचा नळ सोडला आणि अगदी सावकाश म्हणाली, "ताई, हे आपोआप होत नाही. मी बाबांना काही सांगणार नाही. तुम्ही सांगा." भांडली असती ना, तर बरं झालं असतं. मला चार गोष्टी सुनावता आल्या असत्या. पण नाही, तिथंही चांगुलपणाच. भावालाही सांगितलं नाही तिनं, मला कळलं असतं ना.

आणि बाबांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, पोर माझं मन राखतेय. टीव्ही पुन्हा चालू झाला तरी फोन हातात घेत नाहीत. मला डॉक्टरला दाखव म्हणाले — हे माझ्याशी नाही बोलले, तिला म्हणाले. या विसरायच्या आजाराच्या डॉक्टरला. तिनं दोनदा टाळून बघितलं, दर वेळी माझ्याकडे बघायची. मी मान खाली घालून शिवत राहिले. शेवटी घेतली तिनं वेळ. परवा बाबांनी मला कागद-पेन मागितलं आणि लिहीत बसले, आपलं नाव, आईचं नाव, माझी जन्मतारीख, छापखान्याचा पत्ता. पाठ करत होते. तिथे विचारतील म्हणून.

कधी? आज. साडेचारला. ती येणार आहे न्यायला. तुमच्या घड्याळात किती झाले? — चार? हो, निघाले नसतील अजून. आहे ना फोन माझ्याकडे, पिशवीत आहे, वरच आहे. असं बघू नका मॅडम माझ्याकडे, तुमच्यासारखंच ती बघते. मी काय सांगू, दोन वाक्यं आहेत ती, मलाही माहीत आहेत. ती त्यांना हाताला धरून नेणार, रिक्षात — गाडीत बसवणार, आणि डॉक्टरनं सगळं ठीक आहे म्हटलं की बाबा सगळ्यांना सांगणार, हिनं नेलं म्हणून कळलं. मग माझं काय राहतं त्यात.

हं. तुम्हाला पडद्याला अस्तर हवंय की नकोय, तेवढं सांगा. मला पुढे अजून एका ठिकाणी जायचं आहे.