लाल झालं की हाक मार

...आणि वर हाक मार म्हणे! अहो, मौन धरलेल्या बाईला कुणी हाक मारायला सांगतं का? पण आमच्या लेकीनं सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, तिच्याहून शहाणी मी, मी मान डोलावली! नाही म्हणणार कशी? माझं मौन!

थांबा, आधी मौन कशासाठी ते ऐका. लेकीची नोकरी जवळजवळ ठरली होती, फक्त त्या लोकांनी एक काम करून मागितलं होतं. तिनं आखलेल्या वाचनालयात आपण फिरतोय असं दाखवणारी फिल्म. जिने, कपाटं, खिडकीतून पुस्तकांवर पडणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं. सोमवारी सकाळी त्यांच्या हातात हवी, नाहीतर दुसरा उमेदवार तयार. आणि आमचा कॉम्प्युटर... म्हातारा बैल हो! एकेक चित्र असं चघळत बसायचा, की लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, ह्या चालीनं ही फिल्म बुधवारी होईल." दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "काकू, नवीन घ्या." ह्याला काय जातंय! माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरही हेच म्हणतात.

मग लेक म्हणाली, "ओव्हरक्लॉक करते." हे पेपरामागूनच म्हणाले, "स्फोट होईल." ह्यांना सगळीकडे स्फोटच दिसतो, मी कुकर लावला तरी उठून गॅलरीत जातात!

पण लेकीनं मला नीट समजावलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कारखान्यानं त्याला जी चाल ठरवून दिलेली असते, तिच्या थोडं वर न्यायचं. एकदम नाही हं! एक पायरी चढवायची, मग त्याच्याकडून मुद्दाम ढोरमेहनत करून घ्यायची आणि बघत बसायचं, फार तापतोय का, मध्येच मान टाकतोय का. सोसलं तर पुढची पायरी. नाही सोसलं तर मुकाट्यानं मागं. विजेचा दाब उगाच वाढवायचा नाही, तिथंच लोक तोंडघशी पडतात. मी म्हटलं, अगं, हे तू मला शिकवतेस? उपासाचं दुसरं काय असतं? आधी एका वेळचं जेवण सोडायचं, सोसलं तर दोन वेळचं. काही बायका पहिल्याच दिवशी निर्जळी धरतात, दुपारी चक्कर येऊन पडतात आणि बोल लावतात देवाला!

तेव्हा तयारी अगदी शास्त्रशुद्ध. लेकीनं आपल्या कामाची नक्कल आधी दुसरीकडे काढून ठेवली. मी ब्रशनं आतली धूळ काढली, केवढी ती धूळ, एक उशी भरली असती! तिनं मेंदूवरचा, उष्णता ओढून घेणारा, वाळलेला लेप पुसून नवा लावला, वाटाण्याएवढाच, आणि वर मोठा ऐसपैस पंखा बसवला. आणि माझ्याकडून मी मौन धरलं. लेकीची नोकरी पक्की होईपर्यंत एक शब्द नाही. लिहूनही नाही, लिहूनच दाखवायचं तर मग बोलण्यानं काय घोडं मारलं?

पहिल्या पायऱ्या कशा लोण्यासारख्या गेल्या! शेवटची पायरी लावली आणि नेमका त्या नोकरीवाल्या बाईंचा फोन. लेक आतल्या खोलीत निघाली, दार लोटता लोटता म्हणते, "आई, हा गरमीचा आकडा बघत बस. पंच्याऐंशीच्या वर गेला की लाल होईल. लाल झालं की हाक मार. आणि कशालाही हात लावू नकोस!"

झालं! मी बसले खुर्चीत, हातात माळ, डोळे आकड्यावर. सत्तरीत होता बिचारा, शहाण्या मुलासारखा. मध्ये हे आले, कॉम्प्युटरच्या मागे काहीतरी खुडबुड केली, गेले. मी म्हटलं, म्हणजे मनात म्हटलं, जाऊ दे. आणि मग आकडा लागला की हो चढायला! पंच्याहत्तर... अठ्ठ्याहत्तर... ऐंशी! माझी माळ थांबली. लेकीचं दार ठोठावावं, तर आत तिच्या नोकरीचं बोलणं. हाक मारावी, तर माझं मौन!

धावले ह्यांच्याकडे. आधी कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग पदरानं वारा घेतला. हे म्हणतात, "उकडतंय? पंखा वाढवू?" मी कपाळाला हात लावला आणि बोट वर वर वर नेलं. "ताप? कुणाला, तुला? मला?" आणि स्वतःच्याच कपाळावर हात ठेवून म्हणतात, "खरंच की गं! सकाळपासून जरा कणकण वाटतच होती." आणि चक्क पांघरूण घेऊन आडवे!

परत आले तर आकडा त्र्याऐंशी! काय करू, सांगा! बोलावं तर ज्या लेकीसाठी व्रत धरलं त्या लेकीसाठीच ते मोडायचं. न बोलावं तर मेंदू जळायचा, मग कुठली फिल्म आणि कुठली नोकरी! म्हटलं, देवा, आता तूच बोल बाबा. आणि वर बघते तो, देवघरात घंटा! बोलायला बंदी होती, वाजवायला थोडीच होती? आकडा लाल झाला आणि मी अशी घंटा बडवली, अशी बडवली, की आजारी माणूस पांघरूण फेकून हात जोडत धावत आला, "अगं, पूजेला बसलीस तर हाक तरी मारायचीस!"

पुन्हा हाक! आणि माझं मौन!

लेक फोन कानाला लावूनच बाहेर आली, दोन बटणं दाबली, सगळं थांबवलं. "एवढा तापला कसा? आत्ता तर बरा होता!" वाकून मागे बघते, तर गरम हवा बाहेर यायच्या जाळीवर काय? ह्यांचे मोजे! धुतलेले, ओलसर, अगदी व्यवस्थित पसरून! हे म्हणतात, "एवढी छान गरम हवा येते तिथून, उगाच वाया जात होती."

अहो, काय काय बोलायचं होतं मला त्या क्षणी! लग्नापासूनचं साठलेलं! जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं... आणि माझं मौन!

मोजे काढले, पुन्हा परीक्षा घेतली. आकडा सत्तरीच्या वर गेला नाही हो! तरी लेकीनं एक पायरी मागं घेतली. म्हणाली, "सोसतंय म्हणून कायम टोकावर ठेवायचं नसतं." माझीच लेक! फिल्म रविवारी दिवे लागायच्या आत तयार. आणि त्या फोनवरच्या बाई म्हणे विचारत होत्या, "तुमच्याकडे तापमानाला घंटा बसवलीय?" लेक म्हणाली, "हो, घरचीच आहे." नोकरी लागली! मौन फळलं!

आता मी म्हटलं, चला, व्रत सुटलं, आता मोज्यांचा विषय काढते. नुसता घसा खाकरला, तोच हे म्हणतात, "काही म्हण, तुझ्या मौनातच ताकद. घर कसं शांत, मशीन कसं पळालं! आणि ती आता चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचाही वेग वाढवायचा म्हणतेय, नवीन नोकरीचं काम जड असतं ना." आणि लेक गळ्यात पडून, "आई, धरशील ना गं?"

काय करता? डोलावली मान. म्हणून तर आज तुम्हाला गाठलं, मोज्यांचं अजून निम्मंसुद्धा सांगून झालेलं नाही... आणि उद्या सकाळपासून माझं मौन!